उबेचं बिल आणि भाड्याचं गळकं घर

हीटर दिवसभर घुमतोय, मीटर पळतोय आणि तरीही पायाचे तळवे गारठलेले. थंड हवामानातल्या जुन्या, भाड्याच्या घरात एक हिवाळा काढला की हा अनुभव येतोच. बिल हातात पडलं की पहिला संशय हीटरवर जातो. जुना झालाय, वीज खात असणार, नवा आणू. मीही एका हिवाळ्यात याच वाटेनं गेलो. आधी पंख्याचा हीटर आणला, मग तेलाचा, मग भिंतीला टांगायचा लाल दांड्यांचा. थंडी सरली तेव्हा घरात तीन हीटर होते, बिल होतं तेवढंच होतं आणि रात्री उठलं की पाय हमखास कुठल्या तरी वायरीत अडकत होता.

विजेवर चालणारा साधा हीटर कुठलाही घ्या, तो एक युनिट वीज घेतो आणि एक युनिट उष्णता देतो. महागडा, स्वस्त, तेलाचा, काचेचा, सगळ्यांचा हिशेब एकच. २००० वॉटचा हीटर पूर्ण जोरात ५ तास चालला की १० युनिटं झाली. खोक्यावर ‘कमी विजेत जास्त ऊब’ असं काहीही छापलेलं असो, त्या १० युनिटांमधून ११ युनिटांची उष्णता निघत नाही. फरक पडतो तो ऊब कशी पोचते यात. पंख्याचा हीटर हवा पटकन तापवतो, तेलाचा हळू तापतो आणि बंद केल्यावरही थोडा वेळ ऊब देत राहतो, लाल दांड्यांचा समोर बसलेल्या माणसाला थेट शेकतो.

याला अपवाद एकच, हीट पंप. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो. म्हणून एका युनिट विजेत साधारण तीन युनिटं उष्णता मिळू शकते. अनेक घरांत भिंतीवरच्या एसीला गरम हवेची सोय असते. तोही हीट पंपच. उन्हाळा संपला की लोक त्याचा रिमोट खणात टाकतात आणि दुकानातून हीटर आणतात. तुमच्या रिमोटवर सूर्याचं चित्र आहे का, एवढं आधी बघा.

तर मग बिल ठरवतं कोण? गळकी बादली डोळ्यांसमोर आणा. तिच्यातली पातळी कायम राखायची तर जेवढं पाणी खालून गळतंय तेवढंच वरून ओतावं लागतं. खोलीचं तसंच आहे. आत २० अंश सेल्सियस कायम आहेत याचा अर्थ हीटर जेवढी उष्णता देतोय नेमकी तेवढीच भिंती, काचा आणि फटींमधून बाहेर चालली आहे. बिलावरचा युनिटांचा आकडा म्हणजे त्या गळतीचं माप. नळ बदलून बादलीची भोकं बुजत नाहीत, आणि मी तीन वेळा नळच बदलत बसलो होतो.

उष्णता जाते कुठून

घन पदार्थातून उष्णता किती सहज वाहते हे मोजता येतं, आणि ते आकडे बघण्यासारखे आहेत. एक मीटर जाडीचा थर घ्यायचा, दोन्ही बाजूंच्या तापमानात एका अंशाचा फरक ठेवायचा आणि एका चौरस मीटरमधून किती वॉट वाहतात ते बघायचं. ॲल्युमिनियममधून २०० पेक्षा जास्त, काचेतून साधारण १, विटेतून ०.६ ते ०.८, लाकडातून ०.१३. आणि स्थिर हवेतून? फक्त ०.०२५.

या यादीतला खरा हिरो हवा आहे, पण ती स्थिर असेल तरच. लोकरीचा स्वेटर, गोधडी, पक्ष्याची फुगवलेली पिसं, भिंतीत भरायची खनिज लोकर, पांढरा थर्माकोल, या सगळ्यांचं कामच मुळी हवेला बारीक बारीक कप्प्यांत कोंडून जागच्या जागी बसवायचं. तीच हवा हलायला लागली की उष्णता उचलून पसार होते. इन्सुलेशन म्हणजे घराला घातलेला स्वेटर, आणि फटी म्हणजे त्या स्वेटरची उघडी बटणं.

भिंत, काच, छप्पर यांची गळती मोजायला इमारतवाले ‘यू-व्हॅल्यू’ वापरतात. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून जितके वॉट जातात तो आकडा. जितका कमी तितका चांगला. नऊ इंची साध्या विटेच्या भिंतीचा साधारण २, इन्सुलेशन केलेल्या भिंतीचा ०.३. एकेरी काचेचा साधारण ५.५, जुन्या दुहेरी काचेचा २.८, विशेष लेप आणि आर्गॉन वायू भरलेल्या नव्या दुहेरी काचेचा १.२ च्या आसपास.

आता एका खोलीचा हिशेब मांडू. कोपऱ्यातली खोली, ४ मीटर बाय ४ मीटर, उंची अडीच मीटर. दोन भिंती बाहेरच्या बाजूला, बाकीच्या दोन घराच्या आत. वर-खाली शेजाऱ्यांची तापलेली घरं. बाहेरच्या दोन भिंती मिळून २० चौरस मीटर, त्यात ३ चौरस मीटरची एकेरी काचेची खिडकी. आत २०, बाहेर ५, म्हणजे फरक १५ अंशांचा.

भिंत: १७ चौरस मीटर गुणिले २ गुणिले १५, म्हणजे ५१० वॉट. काच: ३ गुणिले ५.५ गुणिले १५, म्हणजे सुमारे २५० वॉट. आणि फटी? एक घनमीटर हवा एक अंशानं तापवायला ०.३३ वॉट-तास लागतात. खोलीत ४० घनमीटर हवा आहे. फटींमुळे ती तासाला दीड वेळा बदलते असं धरलं तर सुमारे ३०० वॉट नुसते फटींतून जातात. एकूण झाले १०६० वॉट. दहा तासांत साडेदहा युनिटं, एका खोलीसाठी.

हीच खोली सर्वांत वरच्या मजल्यावर असेल आणि वर उघडी काँक्रीटची गच्ची असेल तर? १६ चौरस मीटरच्या स्लॅबची यू-व्हॅल्यू अडीच धरली तरी आणखी ६०० वॉट गेले. इमारत एकच, नकाशा एकच, हीटरही तोच, पण मधल्या मजल्यावरच्या भाडेकरूचं बिल वरच्यापेक्षा इतकं कमी का, याचं उत्तर इथे आहे. मधल्याला शेजारी फुकट शेकतात, वरचा आभाळ तापवतो.

या हिशेबातून लगेच दिसतं की सर्वांत मोठी गळती भिंतीची आहे आणि भिंत भाडेकरूच्या हातात नाही. मात्र काच आणि फटी मिळून ५५० वॉट, म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि तिथे आपल्याला करण्यासारखं बरंच आहे.

उदबत्ती घेऊन घरभर

बाहेर वारा असेल असा दिवस निवडा. घरातले पंखे बंद करा आणि पेटती उदबत्ती घेऊन खिडकीच्या चौकटीच्या कडेकडेनं सावकाश फिरा. पडद्यापासून मात्र जपा. धूर सरळ वर जात असतो तो एखाद्या जागी अचानक आडवा होतो किंवा आत ढकलला जातो. तिथे फट. पेन्सिलीनं बारीक खूण करा आणि पुढे चला. मी पहिल्यांदा फिरलो तेव्हा सगळा संशय खिडकीवर होता. धूर आडवा झाला तो विजेच्या एका सॉकेटपाशी, सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथे, आणि ज्याचं दार मी वर्षभर उघडलंच नव्हतं अशा एका कपाटात.

जमिनीलगत गार वारा का लागतो, याचं कारण गमतीचं आहे. गरम हवा हलकी, ती वर चढते आणि वरच्या फटींतून निसटते. तिची जागा भरायला खालच्या फटींतून गार हवा आत ओढली जाते. घर एखाद्या धुराड्यासारखं वागायला लागतं. म्हणून दाराखालची फट बुजवली तर निम्मं काम होतं, उरलेलं वर असतं: माळ्याची झडप, न वापरलेलं धुराडं, छतातल्या दिव्यांभोवतीची भोकं. दुमजली घरात तर वरची झडप बुजवल्यावर खालच्या मजल्यावरचा वारा कमी झालेला जाणवतो.

बुजवायला काय लागतं? खिडकीच्या झडपेला चिकटवायची फोमची किंवा रबराची पट्टी, दाराखाली ब्रशवाली पट्टी किंवा कापडाची लांबोळी वळकटी, पाइपाभोवती थोडं सीलंट. पट्टी घेताना फट मोजून घ्या. जाड पट्टी लावली की झडप नीट मिटत नाही, कडी ओढून ताणून बसवावी लागते आणि दुसरीकडे नवी फट पडते. चौकट आधी ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या, नाहीतर पट्टी महिनाभरात लोंबायला लागते. भाड्याच्या घरात सोडवता येईल असंच सगळं लावायचं आणि लावण्याआधी फोटो काढून ठेवायचा. अनामत रक्कम परत घेताना तो उपयोगी पडतो.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. भिंतीत किंवा खिडकीच्या वर मुद्दाम ठेवलेली वायुवीजनाची जाळी बुजवायची नाही. घरात गॅसचा बॉयलर, गॅसची शेगडी, लाकडाची किंवा कोळशाची भट्टी असेल तर अजिबातच नाही. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतला माणूस उठत नाही. असं काही जळणारं घरात असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आधी लावा, फटी मग बुजवा. धुराडं बंद करायचं तर त्याला काहीही जोडलेलं नाही याची खात्री झाल्यावरच.

काच, आणि २० अंशांतही वाजणारी थंडी

खोलीतला तापमापक २० दाखवतोय, तरी खिडकीजवळ बसलं की अंगावर काटा येतो. तापमापक बिघडलेला नसतो. आपलं शरीर हवेशी जेवढा उष्णतेचा व्यवहार करतं साधारण तेवढाच समोरच्या पृष्ठभागांशीही करतं, किरणोत्सर्गानं. आपण भिंतीकडे उष्णता फेकत असतो, भिंत आपल्याकडे. भिंत गार असेल तर ती कमी परत करते. त्यामुळे स्वस्थ बसलेल्या माणसाला जाणवणारं तापमान म्हणजे हवेचं आणि आजूबाजूच्या पृष्ठभागांचं तापमान यांची साधारण सरासरी. हवा २० आणि भोवतालचे पृष्ठभाग १४ असतील तर जाणवतात १७. मग आपण थर्मोस्टॅट २३ वर नेतो, गळती आणखी वाढते आणि खिडकी तरीही गारच राहते.

मघाच्याच खोलीत एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग जेमतेम ९ अंशांवर असतो. त्याच्या दीड हात अंतरावर खुर्ची ठेवून काम करायचं म्हणजे अर्ध्या उघड्या फ्रिजशेजारी बसण्यातलाच प्रकार. खुर्ची आतल्या भिंतीकडे सरकवली तर एक पैसा न खर्च करता फरक पडतो.

काचेवर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पारदर्शक फिल्म. चौकटीला सगळ्या बाजूंनी दोन्हीकडून चिकटणारी टेप, तिच्यावर फिल्म आणि मग हेअर ड्रायरनं गरम करत जायचं. सुरकुत्या एकेक करून ताणल्या जातात आणि पाचेक मिनिटांत फिल्म ढोलकीच्या चामड्यासारखी ताठ होते. काच आणि फिल्म यांच्यात दीड-दोन सेंटीमीटर हवा कोंडली गेली की यू-व्हॅल्यू साडेपाचवरून तीनच्या आसपास येते. अंतर फार वाढवून फायदा नाही, कारण मोठ्या पोकळीत हवा आतल्या आत फिरायला लागते. फिल्म लावलेली खिडकी उघडत नाही, म्हणून खोलीतली एक तरी झडप मोकळी ठेवा.

जाड पडदे चांगले, पण कसे लावलेत त्यावर सगळं आहे. पडदा वरून आणि बाजूंनी उघडा असेल तर काचेजवळची गार हवा खालून सरकत बाहेर येते आणि वरून गरम हवा आत ओढली जाते. पडदा भिंतीला टेकलेला आणि खिडकीच्या पाटावर किंवा जमिनीवर लोळणारा हवा. पडद्यामागे रेडिएटर, म्हणजे बॉयलरच्या गरम पाण्यानं तापणारं भिंतीवरचं पॅनेल, असेल तर पडदा त्याच्यावरून खाली सोडायचा नाही. तसं केलं की आपण खोलीऐवजी काच तापवतो. दिवसा ऊन येणाऱ्या खिडकीचे पडदे उघडे, मावळलं की लगेच बंद.

आता मघाच्या हिशेबाकडे परत जाऊ. खिडकीला फिल्म: २५० वॉटचे १३५ झाले. फटी बुजवून हवा तासाला ०.७ वेळा बदलायला लागली: ३०० चे १४०. एकूण १०६० वरून ७८५, म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त बचत, पट्टी आणि फिल्म यांच्या खर्चात. मालकानं भिंतीला इन्सुलेशन केलं असतं तर तिचे ५१० वॉट ७५ वर आले असते. पण ते मालकाकडे. तिकडे येऊच.

कपाटामागची बुरशी

थंड भाड्याच्या घरातला बिलानंतरचा दुसरा वाद बुरशीचा. मालक म्हणतो तुम्ही खिडक्या उघडत नाही, भाडेकरू म्हणतो भिंतीला ओल आहे. खूपदा दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं.

२० अंशांच्या हवेत सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल तर तिचा दवबिंदू १२ अंश. त्याच्याखालच्या पृष्ठभागावर पाणी सुटणार. ९ अंशांची काच म्हणून सकाळी घामेजलेली असते. बुरशीला मात्र पाणी सुटायचीही गरज नसते. पृष्ठभागाजवळची आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिचं भागतं, आणि याच हवेसाठी ती वेळ पृष्ठभाग साडेपंधरा अंशांखाली गेला की येते. आपल्या खोलीतली मोकळी भिंत १६ वर आहे, म्हणजे थोडक्यात वाचली. पण तिलाच टेकून कपाट ठेवलं की खोलीची ऊब मागे पोचत नाही, भिंत आणखी गार पडते आणि वसंतात कपाट हलवलं की मागे काळा नकाशा. कपाट आतल्या भिंतीला लावा. जागाच नसेल तर भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

खोलीत कपडे वाळत घालणं दुहेरी महाग पडतं. दोन लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास १.४ युनिटं उष्णता खर्ची पडते. ती खोलीतूनच जाते आणि ते दोन लिटर पाणी पुढे काचेवर, भिंतीवर जमतं. वाळत घालायचेच तर एकाच खोलीत, दार लावून आणि खिडकी किलकिली करून.

‘एवढ्या थंडीत खिडकी उघडायची?’ हो, उघडायची, पण पूर्ण आणि पाचच मिनिटं. आपल्या खोलीतली सगळी हवा एकदा बदलली आणि ती १५ अंशांनी तापवावी लागली तर ०.२ युनिट, एवढाच खर्च. कारण उष्णतेचा खरा साठा हवेत नसतो, भिंती, फरशी आणि सामानात असतो. पाच मिनिटांत ते थंड होत नाहीत. याउलट खिडकी दिवसभर बोटभर उघडी ठेवली तर तिच्याभोवतीची भिंत गार पडते, आणि बुरशी नेमकी तिथेच धरते.

दिवसभर चालू ठेवावं की बंद?

हा प्रश्न प्रत्येक घरात भांडण लावतो. ‘परत तापवायला जास्त लागतं’ असं म्हणणारा एक जण असतोच. गळती तापमानाच्या फरकावर अवलंबून असते. घर थंड होत गेलं की गळतीही कमी होत जाते. म्हणून तुम्ही बाहेर असताना बंद ठेवलेल्या घरातून एकूण कमी उष्णता जाते. परत तापवताना हीटर जोरात चालतो हे खरं, पण तो फक्त मधल्या वेळात न भरलेली गळती भरतो, तीही कमी झालेली. घर जितकं गळकं तितका बंद ठेवण्याचा फायदा जास्त. दोन अपवाद मानतो: हीट पंप, कारण तो संथ चालीत चांगला चालतो, आणि पाइप गोठतील इतकी कडाक्याची थंडी, जिथे थोडी ऊब राखावीच लागते.

थर्मोस्टॅट ३० वर फिरवला म्हणून खोली लवकर तापत नाही. तो वेगाचा खटका नाही, कुठे थांबायचं ते सांगणारा खटका आहे. ३० वर ठेवला की २० ला थांबायच्या ऐवजी हीटर पुढे चालत राहतो, एवढंच. एक अंश खाली आणलं तर किती वाचतं, हे आपलं आपण काढता येतं. आत-बाहेर फरक १५ चा होता, तो १४ झाला. एक पंधरांश, म्हणजे साधारण साडेसहा टक्के.

गॅसचा कंडेन्सिंग बॉयलर असेल तर रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान बघा. पुष्कळ ठिकाणी ते ७५-८० वर ठेवलेलं असतं. धुरातल्या वाफेचं पाणी होऊन तिची उष्णता परत मिळवायची ही या बॉयलरची सगळी युक्ती, पण त्यासाठी परत येणारं पाणी ५५ अंशांपेक्षा थंड असावं लागतं. जाणारं पाणी ६० वर आणलं की रेडिएटर हाताला कमी तापलेला लागतो, खोली जरा सावकाश तापते आणि गॅस वाचतो. नळाच्या गरम पाण्याचं बटण वेगळं असतं. गरम पाण्याची टाकी असेल तर तिचं तापमान जंतूंच्या भीतीमुळे ६० च्या खाली नेऊ नका.

बिलात गरम पाण्याचाही वाटा असतो हे विसरू नका. दहा मिनिटांचा शॉवर घेतला, मिनिटाला १० लिटर पाणी गेलं आणि ते ३० अंशांनी तापवलं तर साडेतीन युनिटं होतात. आणि बिलावरचं रीडिंग प्रत्यक्ष घेतलेलं आहे की अंदाजे टाकलेलं, तेही एकदा वाचा. अंदाजे असेल तर मीटरचा फोटो काढून कळवा, कारण सगळी मेहनत करून बिल मागच्या वर्षीच्या अंदाजानंच येत राहिलं तर फार चिडचिड होते.

खोलीऐवजी माणूस तापवायचा, हा उपाय जुना आणि अजूनही सर्वांत स्वस्त आहे. अंथरुणात घालायचं विजेचं ब्लँकेट साधारण १०० वॉट घेतं, खोलीचा हीटर २०००. गरम पाण्याची पिशवी, पायाखाली जाड सतरंजी, अंगात दोन थर. मात्र याचा अतिरेक नको. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये थंडीत घरात किमान १८ अंश राखावेत असं सांगितलं आहे, आणि वृद्ध, लहान मुलं व आजारी माणसं यांना त्याहून जास्त लागू शकतात. घरात आजी-आजोबा असतील तर बचतीचा प्रयोग स्वतःच्या खोलीत करा, त्यांच्या नको.

घरमालकाशी बोलताना

भिंतीला इन्सुलेशन करायचा खर्च मालकाचा आणि त्यानं कमी होणारं बिल भाडेकरूचं. खर्च एकाचा, फायदा दुसऱ्याचा. मालक वाईट असतो म्हणून घर थंड राहतं असं नाही, व्यवहारच असा बेतलेला आहे की कुणालाच हात घालावासा वाटत नाही. भाडेकरू म्हणतो दोन वर्षांत सोडायचंय, मालक म्हणतो बिल तर तोच भरतोय.

काही देशांनी ही गाठ कायद्यानं सोडवायला घेतली आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २०१८ पासून नव्या करारांना आणि एप्रिल २०२० पासून जुन्या भाडेकरारांनाही घराची ऊर्जाश्रेणी (‘ए’ सर्वांत चांगली, ‘जी’ सर्वांत वाईट) निदान ‘ई’ असावी लागते, काही सवलती वगळता. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२५ पासून सर्वांत खालच्या ‘जी’ श्रेणीचं घर नव्यानं भाड्यानं देता येत नाही. जर्मनीनं वेगळीच वाट धरली. २०२३ पासून तिथे इंधनावरच्या कार्बन शुल्काचा काही भाग मालकाला भरावा लागतो, आणि घर जितकं गळकं तितका त्याचा वाटा मोठा. मला ही शेवटची पद्धत जास्त पटते, कारण तिच्यात गळतीची झळ ज्याच्या हातात दुरुस्ती आहे त्यालाच बसते. तुम्ही राहता तिथे काय नियम आहेत ते भाडेकरूंच्या सल्ला केंद्रात विचारा.

कायदा असो नसो, मालकाला ‘घर फार थंड आहे हो’ एवढंच सांगून काही होत नाही. आकडा द्या. त्यासाठी एक रात्र आणि एक साधा तापमापक पुरतो. झोपताना हीटर बंद करा आणि आतलं-बाहेरचं तापमान लिहा. समजा आत २०, बाहेर ५, फरक १५. हा फरक निम्म्यावर, म्हणजे आतलं तापमान साडेबारावर यायला किती तास लागले ते बघा. पहिल्या तासात आकडा भराभर उतरतो, कारण आधी हवा थंड होते. मग भिंती आपली साठवलेली ऊब सोडायला लागतात आणि वेग मंदावतो. फटी बुजवण्याआधी एकदा आणि नंतर एकदा, साधारण सारख्याच थंडीच्या रात्री हा प्रयोग करा. तास वाढले असतील तर पट्ट्या कामाला आल्या. फारसे वाढले नसतील तर दोष भिंतीचा किंवा छपराचा, आणि ते मालकाला लेखी कळवायला तुमच्या हातात दोन रात्रींची नोंद आहे. सोबत बुरशीचे तारखेसह फोटो आणि दोन हिवाळ्यांची बिलं जोडा. एका वेळी एकच मागा, तेही सर्वांत स्वस्त आणि मालकाच्याही कामाचं. माळा असेल तर तिथे खनिज लोकर अंथरणं हे बहुधा पहिलं. भाडेकराराच्या नूतनीकरणाआधी महिना-दोन महिने पत्र गेलं तर ते जास्त मन लावून वाचलं जातं.

पुढचं घर बघायला जाल तेव्हा खिशातला फोन काढा. संध्याकाळची वेळ बरी. टॉर्च लावून खिडकीच्या काचेजवळ तिरका धरा आणि काचेत उजेडाची किती प्रतिबिंबं दिसतात ती मोजा. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग एक प्रतिबिंब देतो. दोन जवळजवळ चिकटलेली दिसली तर काच एकेरी. दोन-दोनच्या दोन जोड्या दिसल्या तर दुहेरी. मग वाकून सोफ्याच्या मागे बघा. खोलीचा एकच कोपरा ताजा रंगवलेला असेल तर तो का रंगवला, हे दलालाला विचारा, आणि उत्तर ऐकता ऐकता हात भिंतीला लावून ठेवा.